आधी आपण आपल्यात बोलू

ती मागच्या दारी आली तेव्हा मी जेवण आटपून उत्तरपत्रिका तपासायला बसले होते. एरवी ती यायची तेव्हा डोक्यावर मासळीची पाटी असायची आणि हाक गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायची. त्या दिवशी पाटी नव्हती, हाकही नव्हती. पायरीवर बसली. चहा विचारला, नको म्हणाली. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून ठेवलं.

ती माझी जुनी विद्यार्थिनी. नववीपर्यंत शिकली, मग लग्न झालं. नवरा ट्रॉलरवर खलाशी, हंगामात आठवडा आठवडा समुद्रात. ती पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावाला जायची आणि तिथून मासळी घेऊन बाजारात बसायची. घरी मुलाला बघायला कोणी नाही, म्हणून एकुलत्या एका मुलाला तिने आमच्या मठाच्या वसतिगृहात ठेवलं होतं. तो सहावीत होता.

आमचा मठ म्हणजे रत्नागिरीबाहेर कातळावर उभा असलेला. माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या मित्रांनी चिरा चिरा जमवून तो बांधला. वडील गेल्यावर विश्वस्त मंडळात त्यांची जागा मला मिळाली. मंडळात बाई मी एकटीच. वसतिगृहात मंडणगडपासून देवरूखपर्यंतच्या खेड्यांतली मुलं राहायची, शहरातल्या शाळेत जायची, सकाळ-संध्याकाळ भजन म्हणायची. भजन शिकवायला एक बुवा होते. चाळिशीतले, आवाज मऊ, बोलणं त्याहून मऊ. माझ्या नवऱ्याला त्यांचं गाणं इतकं आवडायचं की गुरुवार त्याने कधी चुकवला नाही.

"बाई," ती म्हणाली, "पोराला परत मठात धाडायचा नाय."

"का गं? काय झालं?"

"गणपतीला घरी आला तो परत जायनाच. मी ओरडले, मारलं पण. तरी जायना. मग काल बोलला."

"काय बोलला?"

"बुवांचं बोलला."

पुढचं तिने मला भिंतीकडे बघत सांगितलं. अर्धी वाक्यं, मधे लांब लांब थांबणं. ते मी इथे लिहिणार नाही. ते त्या मुलाचं आहे, माझं नाही. सांगून झाल्यावर तिने हातातलं पाणी अंगणात ओतलं आणि म्हणाली, "ह्याचा बापूस अजून दर्यात हाय. तो ऐकल तर काय करील सांगता येत नाय. म्हणून आधी तुमच्याकडं आले. तुम्ही मठातल्या, आणि बाईमाणूस."

ती गेल्यावर मी अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. लहानपणापासून मी त्यांना काका म्हणत आले. माझ्या लग्नात वडिलांच्या शेजारी उभे राहून पाहुण्यांचं स्वागत त्यांनीच केलं होतं. मी सांगितलं ते त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं.

"तू कुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"अजून कुणाला नाही."

"मग सांगू नकोस. आधी आपण आपल्यात बोलू. उद्या सगळ्यांना बोलावतो."

फोन ठेवल्यावर मला एक गोष्ट खटकली. त्यांनी मुलाचं काहीच विचारलं नव्हतं. तो कुठे आहे, कसा आहे, काही नाही. मी स्वतःला समजावलं की धक्का बसला असेल. पण जिवाला चैन पडेना. मी स्वयंपाकघरातल्या फडताळातले सगळे डबे खाली काढले, पुसले, परत लावले आणि पुन्हा काढले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक झाली. मठाचे प्रमुख महाराज आपल्या पाटावर बसले होते. त्यांचं वय झालेलं, ऐकू कमी येणारं. मंडळाचे चिटणीस कानाशी वाकून त्यांना सांगत होते, पण काय सांगत होते ते आम्हाला कळत नव्हतं. मग बुवांना आत बोलावलं. बुवा रडले. मुलं लहान असतात, घरची आठवण येते, त्यांना मठ सोडायला काहीतरी कारण लागतं, असं म्हणाले. मग उठले, पादुकांवर हात ठेवला आणि शपथ घेतली.

ते बाहेर गेल्यावर चिटणीस म्हणाले, "पादुकांवर हात ठेवला त्यांनी. आता आणखी काय पाहिजे?"

"चौकशी करायचं काम आपलं नाही," मी म्हणाले. "आपल्याला कळलं, आपण पोलिसांना कळवायचं. शाळेत आम्हाला पोक्सो कायद्याचं प्रशिक्षण दिलंय. माहीत असून जो कळवत नाही तोही गुन्हेगार ठरतो."

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"कायदा कायद्याच्या जागी," ते म्हणाले. "पण उद्या हे बाहेर गेलं तर मठाचं काय? या पोरांचं काय? ती कुठे जातील शिकायला? तुझ्या बाबांनी काय केलं असतं याचा विचार कर."

"बाबा नाहीत. म्हणून मी इथे आहे."

"आपण असं करू," चिटणीस म्हणाले. "बुवांना परवाच्या गाडीने घाटावरच्या शाखेत पाठवू. मुलाच्या आईला भेटून समजूत काढू. विषय संपला."

"त्या शाखेतही मुलं आहेत," मी म्हणाले.

महाराजांना इतक्या वेळात काय ऐकू आलं कोण जाणे. ते म्हणाले, "देव बघून घेईल." सगळ्यांनी हात जोडले. बैठक संपली.

मठापासून हमरस्त्यापर्यंत मी चालत आले. रिक्षा मिळत होत्या, पण बसवेना. घरी आले तर नवरा दारातच उभा होता. त्याला काकांचा फोन येऊन गेला होता.

"थोडं थांब ना," तो म्हणाला. "आपली माणसं आहेत. रीतीने करतील."

"परवा ते त्याला घाटावर पाठवणार आहेत. ही रीत?"

तो खुर्चीत बसला. गुरुवारच्या भजनात पहिल्या रांगेत मांडी घालून बसणारा माणूस. त्याच्या तोंडावरून मला दिसत होतं की तो मनातल्या मनात एकेक गुरुवार तपासतो आहे. सकाळी मी निघायची तयारी करत होते तेव्हा म्हणाला, "शाळेत रजेचा अर्ज मी देतो. तू जा."

बाजारात गेले तर ती बसली होती. समोर बांगडे आणि थोडी कोळंबी. मी म्हणाले, चल. ती उठेना. "बाई, आम्ही गरीब माणसं. मठाच्या विरोधात गेलो तर बाजारात कोण बसू देईल? आणि पोराचं नाव झालं तर? मुलगाच आहे, विसरेल म्हणतात सगळे."

"कोण म्हणतं?"

"माझी सासू म्हणते."

"तो विसरला असता तर परत गेला असता," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. शेजारणीला पाटी सांभाळायला सांगितली आणि नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

पोलीस ठाण्यात एका हवालदारानेही तेच विचारलं, "मुलगाच ना?" पण आत एक महिला अधिकारी होत्या. त्यांनी त्या हवालदाराला चहा आणायला पाठवलं आणि आमच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. मुलाला ठाण्यात आणायचं नाही, आम्ही घरी येऊ, गणवेश न घालता येऊ, असं त्यांनी सांगितलं. खरोखरच पंजाबी ड्रेस घालून त्या आल्या. मुलगा तास-दीड तास त्यांच्याशी बोलला. मी बाहेर जाळ्यांच्या ढिगावर बसून होते. उठायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जायचे, परत यायचे. आतून कधी त्याचा आवाज यायचा, कधी काहीच नाही. काहीच नसायचं तेव्हा मला जास्त भीती वाटायची.

पोलिसांनी बुवांना एसटीतून साखरप्याला उतरवून घेतलं. ठरल्या दिवसाच्या आधीच मंडळींनी त्यांना गाडीत बसवलं होतं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी तयार नव्हते. आधी मोबाइलवरची बातमी, मग स्थानिक चॅनेल, मग हातात माईक घेतलेली अशी माणसं जी कोणत्या चॅनेलची होती हे त्यांनाच माहीत. मठाने पत्रक काढलं. काही समाजकंटकांनी रचलेलं कारस्थान, श्रद्धास्थानाची बदनामी, न्यायालयावर पूर्ण विश्वास. खाली काकांची सही. पत्रकात मुलगा नव्हता. मी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं, त्यात 'बालक' हा शब्दसुद्धा सापडला नाही.

भक्तांनी मूक मोर्चा काढला. त्यात माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक होते, आमचा दूधवाला होता, माझी चुलत बहीण होती. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या पुढाऱ्यांनी मोर्चा काढला. त्यांच्या फलकावर मठ बंद करा असं लिहिलेलं होतं आणि त्यांच्या नेत्याचा फोटो मुलाबद्दलच्या ओळीपेक्षा मोठा होता. मला दोन्ही बाजूंचे फोन यायचे. एक बाजू विचारायची, किती पैसे मिळाले. दुसरी विचारायची, आमच्या व्यासपीठावर येता का. मी दोघांनाही नाही म्हणाले. मग दोघांनीही माझ्याबद्दल लिहायला सुरुवात केली.

एका संध्याकाळी आमच्या आळीच्या ग्रुपवर मुलाचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'हाच तो.' ग्रुप चालवणारा माझाच माजी विद्यार्थी. मी चपला न घालता त्याच्या दुकानात गेले.

"फोटो काढ. हा गुन्हा आहे."

"बाई, मी नाही टाकला. फॉरवर्ड आलाय."

"मी विचारलं का कुणी टाकला? काढ आधी."

त्याने काढला. पण तोवर तो कुठे कुठे पोचला होता ते देवच जाणे. मुलाची शाळा सुटली. तो घरातून बाहेर पडेना.

त्याच आठवड्यात एक माईकवाला थेट बाजारात शिरला आणि आईला म्हणाला, "तुम्हीच का त्या पीडित मुलाची आई?" मी तिथे नव्हते, मला तिने नंतर सांगितलं. शेजारची म्हातारी कोळीण उठली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. त्यांनी हिच्याभोवती कडं केलं आणि म्हातारीने बर्फाच्या पेटीतलं बोंबलाचं पाणी तांब्या भरून त्या माणसाच्या बुटांवर ओतलं. "पुढचा तांब्या डोक्यावर," ती म्हणाली. तो गेला. सांगताना ही पहिल्यांदा हसली. मग लगेच रडली.

तिचा नवरा समुद्रावरून परत आला तेव्हा आम्ही सगळेच धास्तावलो होतो. मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. तो भिंतीला टेकून बसला होता, मुलगा त्याच्यापासून हातभर लांब. माणूस आडदांड, पण आवाज बसलेला.

"बाई, मी काय करू ते सांगा," तो म्हणाला. "मारायला जाऊ तर तो कोठडीत. मग मी काय करू?"

"दर्यात जाऊ नका थोडे दिवस. याच्याजवळ बसा."

"नुसता बसू?"

"हो."

त्याने ट्रॉलर सोडला. मालकाने दुसरा माणूस घेतला. तो रोज मुलाला घेऊन भाट्याच्या खाडीवर गळ टाकून बसायचा. मासा लागला तर लागला. दोघं बोलायचे नाहीत म्हणे. पण महिन्याभराने मुलगा त्या हातभर अंतराच्या अलीकडे आला.

मग मंडणगडकडून फोन आला. एका शेतकऱ्याचा. त्याचा मुलगा काही वर्षांपूर्वी मठात होता, आता मुंबईत कंपनीत लागला होता. बातमी बघून त्याने वडिलांना फोन केला आणि जे कधी पुरतं सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"मॅडम," तो गृहस्थ म्हणाला, "तेव्हा त्याने एवढंच सांगितलं होतं की बुवा चांगले नाहीत. मी येऊन अध्यक्षांना भेटलो होतो. ते म्हणाले, मुलाचं मन रमत नाही, घेऊन जा. शाल-श्रीफळ देऊन पाठवलं मला. मी घेतलं."

त्याच दिवशी मी काकांच्या घरी गेले. ते कलमांच्या बागेत आळी करून घेत होते. मला बघून गड्याला पाणी आणायला पाठवलं.

"काका, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

त्यांनी पायाने एक ढेकूळ फोडलं. नाही म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

"पुरतं नाही," ते म्हणाले. "संशय होता. म्हणून मी त्याची खोली बदलली. मुलांच्या खोलीला लागून होती, ती खाली कोठाराजवळ दिली."

"खोली बदलली?"

"मग आणखी काय करायचं होतं? सगळ्यांसमोर काढलं असतं तर विचारलं असतं लोकांनी, का काढलं. मी मठ वाचवत होतो."

"मुलांना खाली जाता येत होतं, काका. जिना होता."

त्यांनी वाकून आळ्याची माती हाताने सारखी केली. मला लहानपणीचा त्यांचा तोच हात आठवला, सायकल धरून पाठीमागे धावणारा. मला त्यांची कीव आली आणि त्या किवेचाच राग आला. मी तिथे जास्त थांबले नाही. मंडणगडच्या गृहस्थाचं बोलणं आणि काकांनी सांगितलेलं, दोन्ही मी त्या महिला अधिकाऱ्यांना जाऊन सांगितलं. घरी येऊन आजारी माणसासारखी पडून राहिले, पण झोप येईना. उठून अंगणात फेऱ्या मारल्या.

मुंबईहून तो तरुण आला आणि त्याने जबाब दिला. काकांवरही गुन्हा दाखल झाला, माहिती दडवल्याचा. मंडळाने मला विश्वस्तपदावरून काढलं. कारण दिलं, मठाच्या हिताला बाधा. वसतिगृह बंद करायचा आदेश निघाला आणि मुलं आपापल्या गावी गेली. त्यातल्या काहींची शाळाच सुटली. देवरूखजवळच्या एका बाईने मला बाजारात गाठून सांगितलं, "तुमच्यापायी माझा पोरगा गुरांमागे आहे." तिच्या मुलासाठी सरकारी वसतिगृहात जागा मिळवायला धावपळ केली. मिळाली, पण निम्मं वर्ष वाया गेल्यावर.

खटला चालला. मुलाने पडद्याआडून साक्ष दिली, आरोपी त्याला दिसणार नाही अशी सोय होती. मी न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर आईबरोबर बसले होते. तो बाहेर आला तेव्हा घामाने शर्ट ओला होता. आईने विचारलं, "काय विचारलं रे?" तो म्हणाला, "भूक लागली." समोरच्या हॉटेलात त्याने दोन मिसळी खाल्ल्या. आम्ही दोघी त्याच्या ताटाकडे बघत बसलो.

बुवांना शिक्षा झाली. उच्च न्यायालयात अपील आहे. काका जामिनावर आहेत, त्यांचं प्रकरण अजून उभं राहिलेलं नाही. रस्त्यात दिसले तर ते दुसऱ्या बाजूला जातात. कधी कधी मीच जाते. तो मुलगा आता मोठा झाला आहे, आयटीआयला जातो. मी समोर आले की मान वळवतो. आई म्हणते, मनावर घेऊ नका बाई, तुम्हाला बघितलं की त्याला सगळं आठवतं. मनावर घ्यायचा प्रश्नच नाही. मीही हल्ली तो येताना दिसला की आपणहून दुकानात शिरते.

मठात नवं मंडळ आलं. त्यांनी कॅमेरे बसवले, दर्शनी भागात बालसुरक्षा समितीचा फलक लावला. फलकाच्या उद्घाटनाला मला बोलावलं. नवे अध्यक्ष घरी आले, तरुण गृहस्थ, बोलायला नीट.

"तुम्ही आलात तर लोकांत चांगला संदेश जाईल," ते म्हणाले.

"त्या दोन घरी जाऊन तुम्ही माफी मागितलीत का?"

"मनातून आहेच हो. पण वकील म्हणाले, माफी मागणं म्हणजे कबूल करण्यासारखं होतं. अपील चालू आहे."

"मग मला येता येणार नाही."

"फलक तरी बघून जा कधी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खोटं नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

मागच्या उन्हाळ्यात मठात पुन्हा मुलांचं संस्कार शिबिर ठरलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील भेटायला आले. "मॅडम, पाठवू का?"

मी त्यांना विचारायचे प्रश्न सांगितले. शिबिरात किती मोठी माणसं, एकटं कुणी मुलांसोबत असतं का, तक्रार कुणाकडे करायची, ते माणूस मठाबाहेरचं आहे का. त्यांनी सगळं ऐकलं आणि पुन्हा विचारलं, "पण पाठवू का?"

"मी असते तर नसतं पाठवलं."

त्यांनी पाठवलं. दोघं नवरा-बायको नोकरीला, सुट्टीत मुलाला ठेवणार कुठे?

शिबिराच्या पहिल्या दिवशी मी घरात टिकू शकले नाही. रिक्षा केली आणि बऱ्याच काळाने त्या कातळावर उतरले. मंडपाबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची ओढून सावलीत बसले. आत मुलं श्लोक म्हणत होती. नवे अध्यक्ष लगबगीने आले.

"ताई, आत या ना. इथे का?"

"इथून सगळं दिसतं."

"कुणाची वाट बघताय का?"

"नाही. सुटेपर्यंत बसणार आहे."

ते मंडपाकडे वळले. मग एका कार्यकर्त्याला हाक मारून म्हणाले, "ताईंना पाणी द्या." आणि आत गेले. मी रोज जात राहिले. कुणी ऊठ म्हणालं नाही, कुणी जवळही बसलं नाही. मधली सुट्टी झाली की मुलं मंडपातून बाहेर पळायची आणि माझी नजर त्यांच्यामागून फिरत राहायची, ती सगळी परत आत जाऊन बसेपर्यंत.